केसाळ मांजर आणि अर्जुनाचा रोमहर्ष

इंग्रजीत 'पिलॉसिटी' असा एक शब्द आहे. रोजच्या बोलण्यात तो ऐकू येत नाही. भेटतो तो वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या वर्णनांत. अर्थ साधा, केसाळपणा. लॅटिनमध्ये 'पिलुस' म्हणजे केस. स्लॉथ आणि मुंगीखाऊ ज्या गणात मोडतात, त्याचं नाव 'पिलोसा' ठेवलंय ते यावरूनच.

या घराण्यातला माझा सर्वांत लाडका शब्द 'कॅटरपिलर'. जुन्या फ्रेंचमधल्या 'केसाळ मांजर' अशा अर्थाच्या शब्दावरून तो आला असावा, असं कोशकार मानतात. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडाला दाटीवाटीने चिकटलेले सुरवंट ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे नाव लगेच पटेल. फक्त या मांजराला कुरवाळायचं नाही! त्याचे केस कातडीत शिरले की जीव नकोसा करणारी खाज सुटते.

माणसाला बिनकेसांचा वानर म्हणतात, पण तसं नाही. आपल्या अंगावर सुमारे ५० लाख रोमकूप असतात, त्यातले डोक्यावर साधारण एकच लाख. उत्क्रांतीत आपले केस गळून गेले नाहीत, बहुतेक ठिकाणी ते बारीक, आखूड आणि फिकट होऊन त्यांची लव झाली. या लवेच्या मुळाशी एक चिमुकला स्नायू असतो. थंडी वाजली किंवा भीती वाटली की मज्जातंतूंच्या इशाऱ्याने तो आकसतो, केस ताठ उभा राहतो, अंगावर काटा येतो. मांजर असं फुलून मोठं दिसतं, शत्रू बिचकतो. आपल्या लवेने तेवढं साधत नाही. तरी तो स्नायू अगदीच निरुपयोगी म्हणता येत नाही. २०२० साली उंदरांवरच्या संशोधनात दिसलं, की त्याच्याच आधाराने मज्जातंतू केसांच्या मूलपेशींपर्यंत पोचतात आणि दीर्घकाळ थंडी राहिली तर नवा केस उगवायला चालना देतात.

काटा येण्यालाही इंग्रजीत एक दुर्मीळ शब्द आहे, 'हॉरिपिलेशन'. त्यातला 'पिल' आपल्या ओळखीचा. 'हॉरि' आला 'होरेरे'वरून, म्हणजे ताठ उभं राहणं. 'हॉरर'ही त्यातूनच निघाला. आणि हे क्रियापद संस्कृतच्या 'हृष्' धातूचं सख्खं भावंड आहे. म्हणजे आपला 'हर्ष' आणि त्यांचा 'हॉरर' एकाच मुळाचे. हर्षाचा जुना अर्थ आनंद नव्हे, केस उभे राहणं. म्हणूनच गीतेच्या पहिल्या अध्यायात समोर आप्तस्वकीय पाहून खचलेला, थरथरणारा अर्जुन म्हणतो, 'रोमहर्षश्च जायते'.