एफटीपीला एकच पोर्ट का पुरत नाही?

फायरवॉलमध्ये, म्हणजे जोडण्या गाळणाऱ्या पहारेकऱ्यात, २१ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) उघडले, लॉगिनही झाले, पण फाइलींची यादी मागताच सारे ठप्प झाले, हा अनुभव एफटीपी, म्हणजे जाळ्यावरून फाइली पाठवण्याच्या नियमसंचाचा, सर्व्हर बसवणाऱ्या बहुतेकांना येतो. दोष फायरवॉलला दिला जातो. मूळ मात्र फायरवॉलच्याही आधीचे आहे.

आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ११४ द्वारे एफटीपीचा पहिला आराखडा मांडला. पुढील सुधारणांत आज्ञांसाठी एक आणि फाइलीसाठी दुसरी जोडणी ही रचना रुळली, आणि ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ ने तिला आजचे रूप दिले. अॅक्टिव्ह पद्धतीत क्लायंट आपला पत्ता व पोर्ट कळवतो आणि सर्व्हर २० क्रमांकाच्या पोर्टावरून उलट त्याच्याकडे जोडणी करतो. जाळे विद्यापीठे आणि संशोधन संस्थांपुरते होते तोवर बाहेरून येणाऱ्या अशा जोडणीचा कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते.

याउलट पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर आपला पत्ता व पोर्ट कळवून थांबतो आणि क्लायंट त्याच्याकडे जोडणी करतो. ही पद्धत फायरवॉलसाठी जन्मली, असे सर्रास सांगितले जाते; ते खरे नाही. तिची आज्ञा आरएफसी ९५९ मध्ये आहेच, पण तिथे ती तिसऱ्या ठिकाणी बसलेल्या क्लायंटने दोन सर्व्हरांत परस्पर फाइल पाठवताना एका सर्व्हरला ‘तू थांब, दुसरा येईल’ असे सांगण्यासाठी वापरलेली दिसते. १९८८ च्या मॉरिस वर्म या जाळ्यावर आपोआप पसरलेल्या घातक प्रोग्रामनंतर बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवण्याकडे कल वाढला आणि अॅक्टिव्ह एफटीपी क्लायंटच्या दारातच अडू लागले, तेव्हा स्टीव्हन बेलोविन यांनी फेब्रुवारी १९९४ च्या आरएफसी १५७९ मध्ये क्लायंटांनी हीच जुनी आज्ञा नेहमी वापरावी, असे सुचवले.

त्यामुळे डोकेदुखी संपली नाही, सर्व्हरकडे सरकली. पॅसिव्ह आज्ञेला सर्व्हरचे २२७ क्रमांकाचे उत्तर ‘१९२,०,२,१०,१९५,८०’ असे आले, तर पहिले चार आकडे पत्त्याचे असतात आणि उरलेल्या दोनांतून पोर्ट निघते: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे ५००००. ते पोर्ट दर वेळी बदलते. सर्व्हर नॅटच्या, म्हणजे आतले खासगी पत्ते सार्वजनिक पत्त्यामागे झाकणाऱ्या यंत्रणेच्या, आड असेल, तर उत्तरात आतला खासगी पत्ता जातो आणि क्लायंट नसत्या ठिकाणी धडका मारत बसतो. १९९८ मध्ये आलेल्या ईपीएसव्ही या नव्या पॅसिव्ह आज्ञेच्या उत्तरात म्हणूनच पत्ता नसतो, फक्त पोर्ट असते.

लिनक्सच्या कॉनट्रॅकसारख्या, जोडण्यांवर नजर ठेवणाऱ्या फायरवॉलच्या सोयींनी हे संभाषण वाचून नेमके तेवढे पोर्ट तात्पुरते उघडण्याची युक्ती काढली, आणि काही काळ ती पुरली. २००५ च्या आरएफसी ४२१७ ने एफटीपीवर टीएलएसचे कूटलेखन प्रमाणित केले; संभाषण गुप्त झाल्यावर फायरवॉलला २२७ चे उत्तर वाचताच येईना. म्हणून आजही सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ५०००० ते ५०१०० असा ठरावीक पट्टा नेमून तोच फायरवॉलमध्ये हाताने उघडून ठेवावा लागतो.