झिप संग्रह : फार मोठ्या फायली हाताळणे

अनेक फायली एकत्र बांधून आणि जमेल तेवढ्या दाबून त्यांची एकच फाइल करणे, याला संग्रह करणे किंवा रोजच्या भाषेत 'झिप मारणे' म्हणतात. हे काम प्रोग्रामकडून करवून घेताना फाइल काही केबी-एमबीची असेल तर कोणतीही पद्धत चालते. फाइल फार मोठी झाली की दोन वेगवेगळ्या अडचणी येतात. पहिली रॅमची : प्रोग्राम अख्खी फाइल स्मृतीत ओढतो आणि कोसळतो. दुसरी स्वरूपाची : झिपच्या मूळ रचनेत फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे, त्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपलीकडचा आकडा तिथे मावत नाही. पहिली अडचण लगेच दिसते. दुसरी कित्येकदा काही महिन्यांनी, संग्रह उघडायची वेळ आल्यावर दिसते, म्हणून ती जास्त घातक.

झिप हे स्वरूप फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीने १९८९ मध्ये आणले. त्यात सर्वाधिक वापरली जाणारी डिफ्लेट ही दाबण्याची पद्धत १९९६ साली आरएफसी १९५१ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) म्हणून प्रसिद्ध झाली. मोठ्या आकड्यांसाठीचा झिप-६४ हा विस्तार २००१ मध्ये आला.

बडोद्यातील गरज

बडोद्यात जुना मराठी कागद अमाप आहे. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) संस्थानाचा कारभार, छापखाने आणि वाचनालये वाढली. १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघू लागली. दांडिया बाजार-रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांतूनही मोडी कागदांचे रुमाल, नाटकांच्या वह्या, मंडळांचे अहवाल निघतात. असे साहित्य स्कॅन करून पुण्या-मुंबईकडे पाठवायचे म्हटले की हाच प्रश्न समोर येतो, आणि आकडेमोड केली तर तो किती लवकर येतो ते कळते.

ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू) रंगीत स्कॅन केले की २,४८० गुणिले ३,५०८ बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला ३ बाइट धरले तर न दाबलेली टिफ प्रतिमा २,६०,९९,५२० बाइटांची, म्हणजे सुमारे २६ एमबीची. ४०० पानांचा ग्रंथ साडेदहा जीबीच्या आसपास जातो. मोडीतील बारीक अक्षरासाठी ६०० डीपीआय घेतले तर याच्या चौपट. (साधी टिफ फाइलसुद्धा ४ जीबीच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे अख्खा ग्रंथ एका टिफमध्ये ठेवायचा विचार करू नये, पानागणिक फाइल हाच मार्ग.) जुन्या डीव्ही टेपवरचे संगीत नाटकाचे किंवा व्याख्यानाचे चित्रीकरण तर एका तासाला जवळजवळ १३ जीबी भरते, आणि ती सबंध एकच फाइल असते.

आकडा नेमका कुठे अडकतो

झिपमध्ये प्रत्येक फाइलच्या आधी ३० बाइटांचे ठरावीक हेडर, म्हणजे त्या फाइलची माहिती देणारी नोंद, येते. शून्यापासून मोजले तर १४ व्या बाइटपासून सीआरसी-३२ ही तपासबेरीज (माहिती बिघडली का ते ओळखण्याचा आकडा), १८ व्यापासून दाबलेला आकार आणि २२ व्यापासून मूळ आकार असतो. तिन्हींना चार-चार बाइट. सगळ्या फायली संपल्यावर शेवटी सेंट्रल डिरेक्टरी, म्हणजे एकूण अनुक्रमणिका येते. तिच्यात प्रत्येक फाइल संग्रहात कुठून सुरू होते ते चार बाइटांत लिहिलेले असते. अगदी अखेरच्या २२ बाइटांच्या नोंदीत फायलींची संख्या दोनच बाइटांत मांडलेली असते.

यातून तीन वेगळ्या मर्यादा निघतात. एकटी फाइल ४ जीबीच्या आत हवी. अनुक्रमणिका जिथे सुरू होते ती जागाही ४ जीबीच्या आत हवी, म्हणजे छोट्या-छोट्या फायलींचा ढीगसुद्धा ही रेषा ओलांडू शकतो. आणि एकूण नोंदी ६५,५३५ च्या आत हव्यात. ही तिसरी मर्यादा फार जणांच्या ध्यानात नसते. ३०० पानांचे २१९ ग्रंथ पानागणिक फायलींत एकाच झिपमध्ये घातले की नोंदी ६५,७०० होतात. पाने जेपेगमध्ये आणि कितीही हलकी असली तरी.

झिप-६४ न जाणणारा जुना प्रोग्राम मर्यादा ओलांडल्यावर दरवेळी थांबतोच असे नाही. तो आकड्याचे वरचे बिट गाळून उरलेले लिहून टाकतो. १३,००,००,००,००० बाइटांचे चित्रीकरण मग अनुक्रमणिकेत ११,५०,९८,११२ बाइटांचे, म्हणजे जेमतेम ११५ एमबीचे दिसते. सोडवताना कोणी तेवढेच बाइट काढते, कोणी तपासबेरीज जुळत नाही म्हणून फाइल नाकारते. मूळ टेप तोवर पुसली गेली असेल तर नुकसान कायमचे.

झिप-६४ मध्ये चार बाइटांच्या जागी सगळे बिट १ ठेवतात आणि खरा आकार आठ बाइटांत, हेडरला जोडलेल्या २० बाइटांच्या जादा भागात लिहितात. अडचण इथेच आहे : हे हेडर माहितीच्या आधी येते. २० बाइटांची जागा राखायची की नाही हे फाइलचा पहिला बाइट लिहिण्यापूर्वीच ठरवावे लागते. दाबलेला आकार मात्र शेवटचा बाइट लिहून झाल्याशिवाय कळत नाही. लायब्ररींमधली (प्रोग्रामला जोडायच्या तयार कोडच्या संचांमधली) बहुतेक गुंतागुंत या एका पेचातून आलेली आहे.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील उदाहरण बोलके आहे. 'झिपफाइल' मॉड्यूलच्या 'राइट' फंक्शनला डिस्कवरच्या फाइलचा मार्ग दिला की ते आधी आकार विचारून घेते, त्याला १.०५ ने गुणते आणि गुणाकार २ जीबीच्या वर गेला तर जादा जागा राखते. पाच टक्के जादा धरण्याचे कारण असे की आधीच दाबलेली माहिती पुन्हा दाबताना थोडी फुगू शकते. पण त्याच मॉड्यूलच्या 'ओपन' फंक्शनने लिहिण्यासाठी नोंद उघडून तिच्यात नेटवर्कवरून किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडून येणारी माहिती ओतत गेले, तर आकार आधी ठाऊक नसतो. तो शून्य धरला जातो, जागा राखली जात नाही आणि २ जीबी ओलांडल्यावर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. त्यासाठी 'फोर्स झिप-६४' हा पर्याय (आवृत्ती ३.६ पासून) उघडतानाच चालू करावा. आकाराबद्दल जराही शंका असेल तर तो चालूच ठेवावा. खर्च नोंदीमागे मोजक्या बाइटांचा आहे.

जावा या भाषेच्या मूळ लायब्ररीत झिप-६४ आवृत्ती ७ पासून आहे.

प्रवाह : तुकड्या-तुकड्याने वाचणे

रॅमचा प्रश्न सोडवण्याची रीत एकच : मूळ फाइल ठरावीक मापाच्या तुकड्यांत वाचावी, तुकडा दाबणाऱ्याकडे द्यावा, बाहेर पडलेले बाइट लगेच डिस्कवर लिहावेत आणि तोच बफर (तुकडा ठेवायची रॅममधली जागा) पुन्हा वापरावा. विहिरीवरचा रहाट असाच चालतो. विहीर किती खोल आहे याने पोहऱ्याचे माप बदलत नाही. डिफ्लेट मागची फक्त ३२ केबी माहिती लक्षात ठेवते, आणि झेडलिब ही लायब्ररी नेहमीच्या मांडणीत दाबण्यासाठी २५६ केबीहून थोडी जास्तच स्मृती घेते. म्हणजे १३ जीबीची फाइल दाबायला काही एमबी रॅम पुरते. ती जास्त लागत असेल तर प्रोग्राममध्ये कुठेतरी अख्खी फाइल एका चलात जमा होत आहे, हे पक्के समजावे.

तुकडा ६४ केबी ते १ एमबी ठेवावा. त्याहून मोठा केल्याने वेग फारसा वाढत नाही. ८ केबीसारखा लहान तुकडा स्थानिक डिस्कवर चालतो, पण फायली नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून वाचायच्या असतील तर प्रत्येक फेरीचा विलंब साचत जातो.

अख्खी फाइल नकळत रॅममध्ये जाते अशी ठिकाणे ओळखून ठेवावीत. पायथॉनचे 'राइट-स्ट्र' सगळा मजकूर एकदम मागते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये संग्रह 'अपडेट' प्रकाराने उघडला की नोंदी स्मृतीत धरल्या जातात, म्हणून नवा संग्रह 'क्रिएट' प्रकारानेच उघडावा. नोडमधील (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) फाइल एका दमात वाचणारे फंक्शन २ जीबीच्या पुढे नकारच देते. तिथे स्ट्रीम, म्हणजे तुकड्यांचा प्रवाह, वापरावा. पीएचपी या भाषेच्या झिपआर्काइव्हमध्ये फाइल जोडण्याची ओळ चटकन पार पडते, कारण खरे काम 'क्लोज' म्हटल्यावर सुरू होते. तेव्हा 'क्लोज'चे उत्तर तपासल्याशिवाय संग्रह झाला असे मानू नये. काही लिनक्स प्रणालींत तात्पुरत्या फायलींचे फोल्डर रॅममध्येच असते. तिथे मधली फाइल ठेवली तर तुकड्यांनी वाचण्याचा सगळा फायदा वाया जातो.

झिप थेट ब्राउझरकडे पाठवायचा असेल तर मागे जाऊन हेडर दुरुस्त करता येत नाही. अशा वेळी हेडरमधला (शून्यापासून मोजून) तिसरा बिट लावतात आणि तपासबेरीज व आकार माहितीच्या मागे वेगळ्या नोंदीत लिहितात. ही सोय डिफ्लेटसोबतच वापरावी, कारण डिफ्लेटचा प्रवाह आपला शेवट स्वतः सांगतो. न दाबलेल्या नोंदीला अशी खूण नसते आणि सुरुवातीपासून ओळीने वाचणारे प्रोग्राम, उदाहरणार्थ जावाचे झिप-इनपुट-स्ट्रीम, ती वाचायला नकार देतात.

काय दाबावे, काय तसेच ठेवावे

जेपेग, एमपी-४, एमपी-३ आणि एलझेडडब्ल्यू या पद्धतीने आधीच दाबलेली टिफ यांवर डिफ्लेट चालवणे म्हणजे वीज आणि वेळ फुकट घालवणे. त्या 'स्टोअर' प्रकाराने तशाच ठेवाव्यात. न दाबलेली टिफ आणि मजकूर मात्र दाबावा. दाबण्याच्या १ ते ९ पातळ्यांपैकी ६ पुरते. ९ वर वेळ बराच वाढतो आणि बचत थोडी. उलट बाजूची चूकही नेहमीची आहे : पायथॉनचे झिपफाइल सांगितल्याशिवाय काहीच दाबत नाही, त्यामुळे 'झिप करूनही आकार तेवढाच' अशी तक्रार येते.

झिपचा आग्रह नसेल तर टार (फायली एकत्र बांधणारे स्वरूप) आणि झेडस्टँडर्ड (दाबण्याची पद्धत) ही जोडी मोठ्या कामाला चांगली. टारच्या जुन्या यूस्टार रूपात आकार ११ अष्टमान (० ते ७) अंकांत लिहितात, म्हणून तिथे कमाल ८,५८,९९,३४,५९१ बाइट. पॅक्स रूप घेतले की ही अडचण उरत नाही. जीझिप या दाबण्याच्या दुसऱ्या स्वरूपाच्या शेवटी मूळ आकार चारच बाइटांत असतो, त्यामुळे तिथला आकडा ४ जीबीनंतर विश्वासाचा नाही, माहिती मात्र शाबूत असते. तरीही घेणाऱ्याकडे विंडोज असेल, आणि संस्थांकडे बहुधा तेच असते, तर झिपच द्यावा.

मोडतोड आणि तपासणी

अनुक्रमणिका शेवटी लिहिली जात असल्याने अर्ध्यात वीज गेली किंवा डिस्क भरली तर झिप उघडतच नाही, जरी आतले नव्वद टक्के बाइट बरोबर असले तरी. म्हणून सुरुवातीला मूळ फायलींच्या बेरजेइतकी मोकळी जागा आहे का ते पाहावे, लेखन तात्पुरत्या नावाने करावे आणि संग्रह नीट बंद झाल्यावरच, त्याच डिस्कवर, अंतिम नाव द्यावे. अर्धवट झिप हाती आलाच तर इन्फो-झिप या साधनाच्या 'झिप' आज्ञेचा दुहेरी एफ पर्याय स्थानिक हेडरांवरून अनुक्रमणिका पुन्हा रचू पाहतो. बऱ्याच फायली वाचतात.

स्कॅनर अजून लिहीत असलेली फाइल उचलली जाणे हा दुसरा धोका. वाचण्यापूर्वी आणि वाचून झाल्यावर आकार व बदलाची वेळ जुळते का ते पाहावे. न जुळल्यास तो संग्रह टाकून द्यावा. शेवटी संग्रह पुन्हा उघडून प्रत्येक नोंदीची सीआरसी तपासावी आणि मूळ फायलींच्या शा-२५६ खुणा (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला ठशासारखा आकडा) वेगळ्या यादीत ठेवाव्यात. याला दाबण्याच्या जोडीने आणखी वेळ जातो, पण मूळ प्रत पुसण्याआधी हे टाळण्याचे कोणतेही कारण मान्य करू नये.

पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीचा असेल तर त्यावर एका फाइलला ४ जीबीचीच मुभा असते आणि नक्कल अर्ध्यात थांबते. तो एक्सफॅट या नव्या मांडणीने फॉरमॅट करावा, किंवा ग्रंथागणिक वेगळा झिप करावा. दुसरा मार्ग एरवीही चांगला : एक झिप बिघडला तर एकाच ग्रंथाचे काम पुन्हा करावे लागते.

मराठी नावांसाठी हेडरमधला (शून्यापासून मोजून) अकरावा बिट, म्हणजे यूटीएफ-८ या अक्षरे लिहिण्याच्या पद्धतीची खूण, लागलेला असावा. नाहीतर घेणाऱ्याकडे नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि 'वार्षिक' एवढ्या शब्दाला २१ बाइट लागतात. लिनक्सच्या एक्स्ट-४ या डिस्क-मांडणीवर नावाची कमाल २५५ बाइट, म्हणजे ८५ चिन्हे; विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ यूटीएफ-१६ एकके, म्हणजे जवळजवळ तिप्पट देवनागरी मजकूर. ग्रंथाचे पूर्ण शीर्षक, वर्ष आणि प्रकाशक फाइलच्या नावात कोंबले की विंडोजवर बनलेला झिप लिनक्सवर सोडवताना नाव फार लांब असल्याची तक्रार येऊन त्या फायली गळतात. आत क्रमांकाची छोटी नावे द्यावीत आणि पूर्ण शीर्षके खुणांच्या यादीतच, क्रमांकासमोर लिहावीत.