थालिया

ग्रीक पुराणकथांतील म्यूझ या कलांच्या नऊ देवतांपैकी एक. सुखात्मिका आणि हलक्याफुलक्या, विशेषतः गोपजीवनावरच्या काव्याची अधिष्ठात्री. झ्यूस आणि स्मृतीची देवता नेमोसिनी यांच्या या नऊ कन्या ऑलिंपसजवळच्या पिएरिया प्रदेशात जन्मल्या, असे ग्रीक कवी हीसिअड सांगतो. थालिया हे नाव बहरणे, पालवणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आले आहे. सामान्यनाम म्हणून त्याचा अर्थ सुबत्ता, मेजवानी असाही होतो. हसण्याशी मात्र या नावाचा सरळ संबंध नाही.

हीसिअडच्या ‘थिऑगनी’त (इ. स. पू. सुमारे ७००) तिचे नुसते नाव येते, तिच्याकडे कोणतीही कला सोपवलेली नाही. ते साहजिकच आहे, कारण अथेन्समध्ये मद्य आणि नाट्याचा देव डायोनायसस याच्या महोत्सवात सुखात्मिकेची अधिकृत स्पर्धा सुरू झाली ती इ. स. पू. ४८६ च्या सुमारास, म्हणजे देवी आधीची आणि तिचा नाट्यप्रकार नंतरचा. बहिणींमध्ये कलांची वाटणी रूढ झाली ती हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक) आणि रोमन काळात, आणि तीही लेखकागणिक थोडी बदलते.

शिल्पांत ती हसऱ्या मुखवट्यावरून ओळखता येते. शोकात्मिकेची देवता मेल्पोमिनी हिच्याकडे रडवा मुखवटा असतो; नाट्यगृहांच्या दर्शनी भागावर दिसणारी मुखवट्यांची जोडी या दोघींच्या हातातलीच. थालियाच्या डोक्यावर आयव्हीच्या वेलीचे वेष्टन असते, आणि आयव्ही ही डायोनायससची वनस्पती. दुसऱ्या हातात धनगराची आकडी काठी दिसते. रंगभूमीच्या देवतेकडे ही काठी कशी, याचे उत्तर काव्यात आहे. सिरॅक्यूजच्या थिऑक्रिटसने इ. स. पू. तिसऱ्या शतकात मेंढपाळांच्या गाण्यांना कवितेत आणले. त्याच वाटेने जाणारा रोमन कवी व्हर्जिल आपल्या सहाव्या गोपगीताच्या आरंभी थालियाचेच नाव घेतो आणि रानात राहायला तिला लाज वाटली नाही, असे म्हणतो. व्हॅटिकन संग्रहालयातील तिच्या बसलेल्या मूर्तीजवळ मुखवट्यासोबत डफही आहे.

हीरॉडोटसच्या इतिहासाचे नऊ भाग पुढे नऊ म्यूझच्या नावांनी ओळखले जाऊ लागले, त्यांतला तिसरा थालियाचा. त्याचा विषय मुख्यतः इराणी सम्राट कॅम्बायसीसची इजिप्तवरची स्वारी आणि त्याच्यानंतर दारियसचे राज्यारोहण. त्यात हसण्यासारखे फारसे नाही. अपवाद करायचा तर भारताच्या वाळवंटात सोने उकरणाऱ्या, कोल्ह्याहून मोठ्या मुंग्यांचा. ती गोष्ट याच भागात आहे.

नावामुळे घोटाळाही होतो. ॲग्लेआ आणि युफ्रोसिनी यांच्या जोडीची, सौंदर्य व आनंदाच्या तीन देवतांतली थालिया ही वेगळी. अपोलोपासून कोरिबांटीस या नर्तकांना जन्म देणारी मात्र म्यूझ थालियाच, असे अपोलोडोरसच्या नावावरील ग्रंथ म्हणतो. १८४३ मध्ये स्थापन झालेले हँबुर्गचे थालिया नाट्यगृह आणि जॉन रसेल हाइंड याने १८५२ मध्ये शोधलेला २३ क्रमांकाचा लघुग्रह तिचेच नाव मिरवतात.