'ज्योत्स्ना'त अक्षरं किती?

नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकू अलक लिहितात. अलक म्हणजे अतिलघुकथा. व्हॉट्सॲपवर हल्ली त्या सुप्रभातच्या फुलांइतक्याच फिरतात, आणि त्यातल्या काही खरंच चांगल्या असतात. परवा एका स्पर्धेचा फॉर्म काकूंची कथा घेईना. मर्यादा २८० अक्षरांची. काकू फोन घेऊन तणतणत आल्या, "अरे, बोटांवर मोजलीत मी. १५३ भरली. आणि हा म्हणतो ३०९!"

काकूंनी शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरल्या नव्हत्या, पण घोळ तेवढ्यानं होत नाही. आपण अक्षर मोजतो ते उच्चाराने. अभंगाचे सहा-सहा-सहा-चार मोजताना जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असो, ते एकच. त्या हिशोबाने 'ज्योत्स्ना' दोन अक्षरी. फोनला मात्र अक्षर कळतच नाही, त्याला कळतात युनिकोडचे क्रमांक, म्हणजे संगणकासाठी जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना दिलेले क्रमांक. देवनागरीच्या मुख्य पट्ट्यात १२८ जागा आहेत. त्यात क, ख, ग यांना एकेक क्रमांक, तसेच काना, वेलांटी, अनुस्वार यांनाही. जोडाक्षराला एकही नाही, अगदी क्ष आणि ज्ञलाही नाही. जोडाक्षर घडतं ते पाय मोडण्याच्या खुणेने, म्हणजे हलंताने, आणि त्या खुणेला स्वतःचा क्रमांक आहे. आता मोजा: ज, हलंत, य, ओची मात्रा, त, हलंत, स, हलंत, न, काना. दहा!

खात्री करायची तर ज्योत्स्ना टाइप करून एकेकदा खोडत जा. बहुतेक कीबोर्डवर आधी नुसता काना जातो, मग न, आणि मागे 'ज्योत्स्' असा लंगडा शब्द उरतो.

माझा लाडका नमुना मात्र 'वाऱ्या'तला अर्धा र. तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला वेगळा ऱ घेऊन. दुसरा, साधा र, हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. दिसायला दोन्ही सारखेच, पण पहिल्या वाऱ्यात सहा क्रमांक, दुसऱ्यात सात. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर कधीकधी सापडतही नाही. युनिकोडच्या २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकसंध घटक धरण्याचा नियम आला खरा, पण फॉर्म बनवणाऱ्याने तो वापरला तर.

  

तुटपुंज्या जागेचा हा हिशोब एसएमएसपासूनचा आहे. एका एसएमएसमध्ये ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीत दर क्रमांकाला १६ बिट, म्हणून फक्त ७०. ट्विटरने १६० मधले २० नावासाठी ठेवून १४० ची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती २८० केली. चिनी, जपानी, कोरियन मात्र १४० वरच राहिल्या, कारण त्यांच्या एकाच चिन्हात बरंच मावतं. देवनागरीला २८० मिळाले, पण काना-मात्रेचीही किंमत धरून.

म्हणून अलक लिहिताना जोडाक्षरी शब्द महाग पडतात. 'मृत्यू'ला सहा, 'मरण'ला तीन. 'स्त्री'ला सहा, 'बाई'ला तीन. काकूंच्या नायिकेचं नाव ज्योत्स्नाच होतं, कथेत पाच वेळा. मी म्हटलं, "काकू, तिला कमल करा. दर वेळी सात वाचतील, एकूण पस्तीस. २७४ वर येता तुम्ही."

"कमल माझी नणंद," काकू म्हणाल्या, आणि तलावपाळीवरच्या भेळवाल्याचं अख्खं वाक्य खोडायला लागल्या.