वेदीची आग आणि गंगाळातले पाणी

प्राचीन इस्राएली उपासना म्हटली की बलिदानाची आग आधी आठवते. पाण्याचा उल्लेख ओझरता होतो, आणि तो त्या पाण्यावर अन्याय आहे. दर्शनमंडप, म्हणजे देवाच्या भेटीचा तंबू, आणि वेदी यांच्यामध्ये पितळेचे गंगाळ ठेवावे, अशी आज्ञा बायबलातल्या निर्गम या ग्रंथात आहे. अहरोन हा मुख्य याजक, म्हणजे पुरोहित; त्याने आणि त्याच्या मुलांनी हातपाय न धुता वेदीजवळ जाणे म्हणजे मृत्यू ओढवून घेणे होते. मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचे पितळ या गंगाळाला वापरले, हेही तिथे नोंदलेले आहे.

हे धुणे मळ काढण्यासाठी नव्हते. बाळंतपण, काही त्वचारोग, प्रेताचा स्पर्श यांनी येणारी अशुद्धता म्हणजे पाप नव्हे. आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याशी तिचे नाते अधिक जवळचे. बऱ्याचदा स्नान करून सूर्यास्तापर्यंत थांबले की पुरे. प्रेताच्या विटाळावर मात्र तांबड्या कालवडीची राख घातलेले पाणी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडत. इथे बळी आणि पाणी एकाच पात्रात येतात.

अर्पण आणणारा पशूच्या डोक्यावर हात ठेवी. रक्त वेदीपाशी नेणे हे याजकाचे काम. रक्तात जीव असतो, म्हणून ते खाणे निषिद्ध. होमबलीचे सारे मांस जळे, शांत्यर्पणाचे, म्हणजे आभाराच्या किंवा नवसाच्या बळीचे, बरेचसे घरची माणसे खात. पापार्पणासाठी मेंढी परवडत नसेल त्याला दोन पारवे चालत, तेही नसतील तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग सपीठ. एवढ्या कडक विधीत गरिबासाठी ठेवलेली ही वाट मला फार मोलाची वाटते.

शलमोन राजाने यरुशलेमात बांधलेल्या मंदिरात 12 बैलांच्या मूर्तींवर 10 हात व्यासाचा गंगाळसागर, म्हणजे पाण्याचे प्रचंड पात्र, उभा राहिला. पुढे इ.स.पू. 622च्या सुमारास योशीया राजाने इतर उपासनास्थाने मोडून बलिदान यरुशलेमपुरते ठेवले. त्याच्या कितीतरी आधी यशया संदेष्ट्याने सुनावले होते की तुमचे हात रक्ताने भरलेले आहेत, आधी स्वतःला धुवा. आणि त्याला अभिप्रेत धुणे होते अनाथ-विधवांना न्याय देण्याचे.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमात पुन्हा बांधलेले दुसरे मंदिर पाडले आणि ज्यूंचे बलिदान थांबले. पाणी थांबले नाही. पायऱ्यांचे स्नानकुंड मंदिर असतानाच गावोगाव खोदले गेले होते. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, नित्य अर्पणांच्या जागी प्रार्थना आणली, आणि भाकरीपूर्वी हात धुणे घरोघरी टिकले. कोकणातले बेने इस्राएल हे ज्यू लोक एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात. त्यात काही अभ्यासकांना जुन्या अन्नार्पणाची खूण दिसते.