गाडी धुतलेले पाणी जाते कुठे?

सोलापूरच्या नळाला येणारे पाणी मोठ्या प्रमाणावर उजनीच्या जलाशयातून, सुमारे शंभर किलोमीटरच्या जलवाहिनीतून येते; आणि उजनीत पोचण्यापूर्वी भीमेच्या त्या पाण्यात पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेच्या वाटेने मिसळलेले असते. तिकडे रस्त्याकडेला धुतलेल्या गाडीचा फेस गटारात उतरला, की त्याचा काही अंश आपल्या धरणात येणारच. आपल्या गाड्यांचे पाणीही इथेच थांबत नाही. ओढ्यानाल्यांतून ते सीना-भीमेच्या खोऱ्यात उतरते आणि पुढे कर्नाटकात जाते. म्हणून गाडी पर्यावरणाला धरून धुवायची असेल, तर कोणती बाटली घ्यावी याच्या आधी पाणी किती लागते आणि ते कुठे जाते, हे पाहिले पाहिजे.

अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला साधारण दहा ते वीस लिटर पाणी वाहते. दहा मिनिटे पाइप सोडून ठेवला, तर शंभर ते दोनशे लिटर पाणी गेले, आणि त्यातले बरेचसे गाडीला न लागताच गेले. कमी पाऊस पडणाऱ्या आणि नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या शहरात हे परवडणारे नाही. नेहमीच्या धुळीसाठी पंधरा लिटरच्या दोन बादल्या पुरतात. पहिल्या बादलीत थोडा साबण आणि दुसरीत फक्त फडके खळबळून घेण्यासाठी साधे पाणी ठेवावे, म्हणजे फडक्यातली खर, म्हणजे धुळीतले खरखरीत कण, पुन्हा गाडीवर येत नाही.

ही खर महत्त्वाची आहे. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. आपल्याकडच्या धुळीत काळ्या मातीच्या बारीक कणांबरोबर खडीची आणि बांधकामाच्या वाळूची पूडही असते, आणि वाळूतले गारेचे (क्वार्ट्झ या खनिजाचे) कण काचेपेक्षाही कठीण असतात. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकून पुसली, की हेच कण त्या थरावर घासले जातात. दुपारच्या उन्हात बॉनेटवर गोल गोल ओरखड्यांचे जाळे दिसते ते त्यामुळेच. एवढ्यासाठी पुढे पॉलिश लागते, म्हणजे आणखी रसायने आणि आणखी पाणी. त्यापेक्षा आधी टपावरून मग-दोन मग पाणी हळूहळू सोडून धूळ वाहू द्यावी, मिनिटभर थांबावे, आणि मग ओल्या मऊ कापडाने वरून खाली पुसत यावे. दारांचा खालचा भाग आणि चाके शेवटी, तीही वेगळ्या फडक्याने पुसावीत, कारण ब्रेकची लोहयुक्त पूड आणि टायरची झीज तिथेच साचते.

फडक्यासाठी आपल्याला दूर जायला नको. मायक्रोफायबरची फडकी धूळ चांगली उचलतात, पण ती बहुधा पॉलिएस्टर आणि नायलॉनची असतात आणि दर धुण्यात त्यांचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. वापरून मऊ पडलेला सोलापुरी टर्किश टॉवेल सुताचा असतो. त्याच्या उभ्या फासांमध्ये कण आत जाऊन बसतात आणि पृष्ठभागावर घासत नाहीत. मात्र त्याचे कडक शिवलेले काठ आधी कापून टाकावेत, कारण चरे पाडतात ते काठच. नवा टॉवेल तंतू सोडतो, तेव्हा जुनाच घ्यावा.

आता साबण. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. त्यामुळे तेलकट मळ सुटतो. हाच गुण जलचरांना बाधतो: माशांच्या कल्ल्यांवरचे नाजूक आवरण या रेणूंमुळे बिघडते. १९६०च्या दशकापूर्वी वापरात असलेले शाखायुक्त साखळीचे डिटर्जंट जिवाणूंना नीट विघटित करता येत नसत आणि नद्यांवर फेसाचे थर तरंगत. नंतर सरळ साखळीचे, विघटनक्षम डिटर्जंट आले. विघटनक्षम याचा अर्थ लगेच निरुपद्रवी असा नाही. विघटनाला वेळ लागतो, प्राणवायू लागतो, आणि ओढ्याच्या साचलेल्या पाण्यात दोन्ही कमी असतात. कपड्यांची पावडर तर गाडीला वापरूच नये: तिच्या अल्कतेने रंगाच्या रक्षणासाठी लावलेला मेणाचा थर निघतो, आणि तिच्यात फॉस्फेट असल्यास पाण्यात शेवाळ माजायला मदत होते.

घरगुती उपाय म्हणून रिठा सुचवला जातो. रिठ्यातले सॅपोनिन खरोखरच चांगले साफ करते, पण हेच सॅपोनिन माशांना विषारी असते आणि मासे गुंगवून पकडण्यासाठी अशा वनस्पती अनेक ठिकाणी वापरल्या गेल्या आहेत. वनस्पतिजन्य पदार्थही गटारात किंवा तलावाकाठी सोडायचा नसतो, हे सिद्धेश्वर तलावासारखा तलाव गावात असणाऱ्या आपण विशेष लक्षात ठेवावे. सौम्य, उदासीन सामूचा (पीएच) म्हणजे आम्लही नाही नि अल्कही नाही असा गाडीचा शॅम्पू झाकणभर घेतला तरी एका गाडीला पुरतो.

मुरमाड किंवा गवत असलेल्या मोकळ्या जागेवर गाडी धुतली, तर मातीतले जिवाणू साबणाचे विघटन करतात आणि धातूंचे कण वरच्या थरात अडकून राहतात. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन मात्र टाळावी, कारण पाणी मातीत न मुरता भेगांतून सरळ खाली उतरते. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर ती जागाही सोडावी. गाडीच्या खालून डिझेल किंवा रॉकेल मारण्याची पद्धत सर्वांत वाईट. त्याने सांध्यांतले रबरी बुश फुगतात आणि तेल जमिनीत जाते ते वेगळेच.

बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उन्हात पांढरे डाग होऊन उरतात. म्हणून गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी आणि लगेच टिपून घ्यावी. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडीला वापरावे असे सांगतात, परंतु त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. ते पायदाने आणि चाकांसाठी चालेल, शेवटच्या धुण्याला आणि काचेला नाही. काचेसाठी एसीतून ठिबकणारे पाणी उत्तम, कारण हवेतली वाफ निवून तयार झालेल्या त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. जुने पांढरे डाग पाण्यात निम्मे व्हिनेगर घालून निघतात, कारण आम्लात कार्बोनेट विरघळते. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नये. ओले फडके दहा मिनिटे त्यावर ठेवावे, म्हणजे ती सहज निघते.

आतल्या बाजूला पाण्यापेक्षा हवा आणि ऊन अधिक उपयोगी पडतात. पायदाने बाहेर झटकावीत, व्हॅक्यूमने धूळ ओढावी, डॅशबोर्ड किंचित ओल्या फडक्याने पुसावा. चकाकी आणणारे सिलिकॉनचे फवारे नकोत, त्यांचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते. सांडलेल्या दुधाच्या वासाला खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून सकाळी ओढून घ्यावा. त्यातली आम्ले सोड्याने उदासीन होतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यास मात्र फक्त फसफस होते, कारण दोघे एकमेकांचा गुण संपवतात. डांबरगोळ्या गाडीत ठेवू नयेत: बंद गाडीत उन्हाने तापून नॅफ्थलीनची वाफ भरते, आणि ती लाल रक्तपेशींना, विशेषतः या पेशींना जपणाऱ्या जी६पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तपेशींना, अपाय करते. कोंदट वास बहुधा एसीच्या ओल्या जाळीवर वाढलेल्या बुरशीचा असतो. मुक्काम येण्याआधी पाच मिनिटे कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, तर जाळी वाळते आणि बुरशीला ओल मिळत नाही.