साइटवर उतरवलेली काच आम्हाला विचारल्याशिवाय हलवू नये

काच खाली उतरवून दिली तर वर आमचे बिगारी नेतील, मग हमाली वेगळी कशासाठी, असे ग्राहक वरचेवर विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून आमची बाजू येथे मांडत आहोत.

काचेचे वजन नजरेला कळत नाही. एक चौरस मीटर काच जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो भरते, त्यामुळे 7 बाय 3 फुटांचा, 12 मिलिमीटर जाडीचा दरवाजा सुमारे 58 किलोंचा, म्हणजे सिमेंटच्या गोणीहून जड होतो. गोणी निसटली तर माणूस ती सोडून देतो. काच निसटू लागली की मात्र ती फुटेल या धास्तीने हात आपसूक पुढे जातो. एका बंगल्याच्या कामावर फरशीवाल्यांना अडचण होते म्हणून एका मुलाने भिंतीला टेकवलेली साधी काच एकट्याने सरकवली. ती कलंडली, त्याने ती मनगटावर झेलली, आणि कातडीबरोबर बोटे हलवणारी शीरही कापली गेली. जखम महिन्यात भरली, पण मूठ नीट वळायला बरेच महिने गेले. पडणारी काच झेलायची नाही, मागे सरायचे, हे आम्ही आमच्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

टफन काच, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली काच, मजबूत असते, हे खरे. पण ती मजबुती तिच्या पृष्ठभागाची आहे. तिचा कोपरा फरशीला जरा जोरात लागला तरी संपूर्ण काचेचा चुरा होतो. टफन केल्यानंतर ती एक सूतही कापता येत नाही, त्यामुळे नवी काच कारखान्यातून येईपर्यंत तुमचे काम थांबते.

म्हणून फरशी, पॉलिश आणि रंगकाम उरकल्यावरच काच मागवावी; तोपर्यंत ती आमच्या गोदामात विनाशुल्क राहील. आधीच आलेली असल्यास लाकडी पट्ट्यांवर, किंचित कलती उभी ठेवावी. सात फुटी काचेचा तळ भिंतीपासून साधारण सहा इंच पुढे असावा. अगदी सरळ उभी केलेली काच नुसत्या धक्क्यानेही पुढे येते. जागा बदलायचीच असेल तर आदल्या दिवशी फोन करावा. आमच्या हमालीत सक्शन कप (काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांच्या मुठी) व मनगट झाकणारे हातमोजे घेतलेली दोन सरावाची माणसे येतात, आणि त्यांच्या हातून काच फुटल्यास ती आम्ही आमच्या खर्चाने बदलून देतो.